लोखंड ओढतं तेव्हा

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवायची असली, की लोहार ती चाकाच्या परिघापेक्षा मुद्दाम थोडी लहान करायचा. गोवऱ्यांचा गोल जाळ रचून धाव त्यात लाल होईपर्यंत तापवायची, तिघाचौघांनी सांडशीत धरून चाकावर बसवायची, घणाने चारी बाजूंनी खाली ठोकायची आणि लगेच वरून घागरीने पाणी ओतायचं. एक अंश तापमान वाढलं की लोखंड दर मीटरमागे ०.०१२ मिलिमीटर वाढतं. आकडा नगण्य दिसतो. पण चार मीटर परिघाची धाव पाचशे अंशांनी तापली तर ती २४ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ इंचभर लांब होते. गार होताना ती तेवढंच आखडू पाहते आणि त्या जोराने आरे, तुंबा, सगळं चाक करकचून आवळलं जातं. खिळा लागत नाही, सरस लागत नाही.

वेल्डिंगच्या प्रत्येक जोडात हाच जोर असतो. लोहाराने तो ओळखून कामाला लावला होता. घरी वेल्डिंग शिकू पाहणाऱ्याला मात्र बहुतेक वेळा त्याचा पत्ताच नसतो. त्याला वाटतं, अवघड काय ते रॉड पेटवणं आणि सरळ रेघ ओढणं. हे दोन्ही सरावाने येतं, हाताला सवय लागली की विसरतही नाही. अडतं ते नंतर. गुण्या लावून काटकोनात वेल्डिंगचे लहान टाके मारलेली चौकट पूर्ण वेल्डिंग करून गार झाली की तिरकी झालेली असते, स्टुलाचा एक पाय जमिनीला टेकत नाही, कपाटाचं दार बसत नाही. फॅब्रिकेशनच्या कुठल्याही दुकानात याला ‘ओढलं’ म्हणतात. माझ्या मते वेल्डिंग शिकणं म्हणजे मुख्यतः ही ओढ ओळखणं, आणि जोडाला उष्णता किती, कुठे आणि कोणत्या क्रमाने द्यायची हे ठरवता येणं. बाकीचं कसब याच्या आधाराने वाढतं.

आधी जोड होतो कसा ते पाहू. लोहार दोन तुकडे सांधायचा तेव्हा लोखंड वितळवत नसे. भात्याने फुलवलेल्या भट्टीत दोन्ही टोकं पांढरी होईपर्यंत तापवायची, त्यावर टाकणखार टाकायचा आणि ऐरणीवर ठेवून घण घालायचा. तापलेल्या लोखंडावर हवेतल्या प्राणवायूमुळे जी खपली धरते, ती टाकणखारामुळे पातळ होऊन घणाच्या माराबरोबर बाहेर उडते आणि स्वच्छ धातू स्वच्छ धातूला भिडतो. दिल्लीतल्या मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी असाच उभा राहिला. तापवलेले लोखंडाचे गोळे एकमेकांवर ठोकत नेऊन सहा टनांहून जड खांब घडवला गेला, आणि त्यात वितळलेला सांधा कुठेच नाही.

विजेच्या वेल्डिंगमध्ये धातू खरोखर वितळतो. रॉडचं टोक आणि लोखंड यांच्यात तीनेक मिलिमीटरची फट ठेवली, की तिथल्या तापलेल्या वायूतून वीज वाहू लागते. या ज्योतीचं तापमान सहा हजार अंश सेल्सिअसच्या घरात जातं, आणि साधं पोलाद तर दीड हजाराच्या आसपासच वितळतं. १८८० च्या दशकात रशियन साम्राज्यात निकोलाय बेनार्डोस यांनी कार्बनच्या कांडीने अशी ज्योत पेटवून धातू जोडले. १८८८ मध्ये निकोलाय स्लाव्यानोव यांनी कांडीच धातूची केली, म्हणजे ज्योत पेटवणारी कांडी स्वतः वितळून जोडात भरू लागली. पण हे जोड ठिसूळ व्हायचे, कारण वितळलेलं पोलाद हवेतला प्राणवायू आणि नत्रवायू शोषून घेतं. त्यावर उपाय काढला स्वीडनच्या ऑस्कर केलबर्ग यांनी, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात: धातूच्या कांडीवर खनिजांचा लेप. लेप जळून वायूचं कवच तयार होतं, उरलेला लेप वितळून जोडावर तरंगतो आणि गार झाल्यावर काचेसारखी खपली धरतो. आज आपण हातोडीने ठोकून काढतो तो स्लॅग हाच. भट्टीतल्या टाकणखाराचं काम आता रॉडच्या अंगावरच आलं आहे, म्हणून लेप ओलसर झालेला किंवा टवका उडालेला रॉड वापरू नये. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात पुडा उघडा ठेवला तर रॉड हवेतलं पाणी पितात आणि जोडात सुईने टोचल्यासारखी छिद्रं पडतात. नेहमीचे रॉड तासभर सुमारे शंभर अंशांवर तापवले की पुन्हा कामाला येतात.

नेहमीचा रॉड म्हणजे ६०१३. या आकड्याला अर्थ आहे. पहिले दोन अंक जोडाची ताणशक्ती सांगतात, दर चौरस इंचाला ६० हजार पौंड, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला सुमारे ४२ किलो. साध्या बांधकामी पोलादाची ताकदही जवळपास तेवढीच. तिसरा अंक १ म्हणजे आडवं, उभं, डोक्यावरचं, सगळ्या स्थितीत चालतो. शेवटचा अंक लेपाचा प्रकार सांगतो. ७०१८ हा रॉड जास्त ताकदीचा आहे आणि पुलांच्या, बॉयलरच्या कामात त्याला मान आहे. पण तो पेटायला हट्टी असतो आणि त्याला खूप जास्त तापमानावर कोरडा ठेवावा लागतो. घरच्या कामाला ६०१३ पुरतो. दुकानात जाडी मिलिमीटरमध्ये सांगा किंवा जुन्या नंबरात: २.५ चा रॉड साधारण १२ नंबर, ३.१५ चा १० नंबर.

मशीन आता हातात धरून नेता येईल एवढं झालं आहे. जुनी मशीनं म्हणजे तांब्याच्या वेटोळ्यांचा अवजड ट्रान्सफॉर्मर, कधी तेलात बुडवलेला. इन्व्हर्टर मशीन घरची ५० हर्ट्झची वीज आधी सरळ करतं, मग तिचे सेकंदाला हजारो तुकडे पाडतं, आणि इतक्या वेगाने बदलणाऱ्या विजेला अगदी छोटा ट्रान्सफॉर्मर पुरतो. १०० अँपिअरवर काम करताना ज्योतीवर साधारण २४ व्होल्ट असतात, म्हणजे २.४ किलोवॅट. मशीनमध्ये वाया जाणारी वीज धरली तर घरच्या लाइनमधून १५ ते १८ अँपिअर ओढले जातात. गिझरच्या पॉइंटवर लहानसहान टाके मारून होतात, पण नियमित काम करायचं असेल तर इलेक्ट्रिशियनकडून स्वतंत्र लाइन, तिला २० अँपिअरचा एमसीबी, गळती ओळखून वीज तोडणारा स्विच आणि खरं अर्थिंग करून घ्या. बारीक तारेचं लांबलचक एक्स्टेन्शन लावलं तर तार तापते, व्होल्टेज पडतं, रॉड चिकटत राहतो आणि शिकणारा स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

मशीनच्या पाटीवर आणखी एक आकडा असतो, तो वाचायला शिका. ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं काम आणि चार मिनिटं विश्रांती, तेही बाहेर ४० अंश तापमान धरून. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये ४० अंश ही फार सौम्य अट झाली.

संरक्षणाबद्दल मात्र मी घाई करणार नाही. आपल्याकडच्या दुकानांत पायात स्लिपर, डोळ्यांवर साधा गॉगल किंवा नुसता आडवा हात, असं वेल्डिंग रोज दिसतं. ते पाहून शिकणाऱ्याला वाटतं की कसबी माणसाला हे चालतं. कुणालाच चालत नाही. ज्योतीतल्या अतिनील किरणांनी डोळ्याचा पुढचा पडदा भाजतो आणि ते लगेच कळत नाही. दुपारी काम केलेलं असतं, आणि सहा ते बारा तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होऊन माणूस उठून बसतो. बटाट्याच्या चकत्या, दुधाचे थेंब, गुलाबपाणी यांतलं काही डोळ्यात घालू नका. भाजलेल्या पडद्याला संसर्ग झाला तर त्रास कितीतरी पटींनी वाढतो. बंद पापण्यांवर गार ओला फडका ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. बहुतेक वेळा एकदोन दिवसांत हे बरं होतं, पण पुन्हा पुन्हा झालं तर डोळ्यांचं कायमचं नुकसान होऊ शकतं. घरच्या अँपिअरला १० नंबरची काच योग्य. आपोआप काळी होणारी हेल्मेटं आता सहज मिळतात आणि नवशिक्याला ती खरोखर उपयोगी पडतात, कारण रॉड टेकवण्याआधी तो कुठे टेकतो आहे हे दिसतं. शेजारच्यांच्या डोळ्यांचाही विचार हवा. अंगणात किंवा गच्चीवर काम करताना आडोसा लावा. लहान मुलं या उजेडाकडे टक लावून बघत उभी राहतात.

धुराचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर आणि वेल्डिंगमधली अतिनील किरणं, दोन्हींना माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात ठेवलं. जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पाइप आणखी वेगळा त्रास देतो. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला, की काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो, अगदी हिवतापासारखा. गूळ खाऊन आणि दूध पिऊन हा धूर उतरतो अशी समजूत कारखान्यांत पक्की आहे, पण तसं होत नाही. मुलामा ग्राइंडरने घासून काढा, उघड्यावर काम करा, वारा पाठीकडून न घेता बाजूने घ्या, आणि धुरासाठी असलेला मास्क लावा. पेट्रोल, डिझेल, थिनर, तेल यांचा रिकामा डबा किंवा पिंप कधीही वेल्ड करू नका. तळाशी उरलेल्या दोन चमचे तेलाची वाफ पिंप फोडायला पुरते, आणि असे स्फोट आपल्या गावांत आजही माणसं मारतात.

अंगात सुती कपडे, पायात चामड्याचे बंद बूट, हातात चामड्याचे हातमोजे. टेरिकॉट वितळून कातडीला चिकटतं. आणि ग्राइंडर: चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११ हजार फेरे घेतो, म्हणजे चकतीची कड ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगाने फिरते. चकती पाइपात अडकून फुटली तर तुकडे त्याच वेगाने सुटतात. मध्ये येतो म्हणून वरचा गार्ड काढून टाकणं ही आपल्याकडची सगळ्यात वाईट सवय आहे. वेल्डिंगपेक्षा मला ग्राइंडरची भीती जास्त वाटते, आणि ती वाटली पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

आता सराव. पातळ पाइपापासून सुरुवात केली तर भोकं पडून हिरमोड होतो. भंगारवाल्याकडून ५ किंवा ६ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्यांचे तुकडे आणा, गंज आणि रंग घासून चकचकीत करा, २.५ चा रॉड लावून मशीन ६० ते ९० अँपिअरच्या दरम्यान ठेवा. ३.१५ चा रॉड असेल तर ९० ते १३०. रॉड टेकवताना काडी ओढल्यासारखा घासा, पेटला की रॉडच्या जाडीइतकं अंतर ठेवा. रॉड झिजत असतो, म्हणून हात पुढे सरकतानाच खाली उतरत राहिला पाहिजे. नवशिक्याचा हात खाली उतरत नाही. अंतर वाढतं, ज्योत लांबते, धातू थेंबाथेंबाने बाहेर उडतो.

नजर कुठे ठेवायची हे फार थोडे लोक सांगतात. सगळे उजेडाकडे बघतात. बघायचं असतं ज्योतीच्या मागच्या वितळलेल्या डबक्याकडे. तिथे दोन द्रव दिसतात: चकाकणारं, जड पोलाद आणि त्यावर तरंगणारा, काहीसा मळकट दिसणारा, हलका स्लॅग. रॉडचा कोन चुकला किंवा हात मंदावला की स्लॅग डबक्याच्या पुढे धावतो, आणि मागून येणारं पोलाद त्याला गाडून टाकतं. वरून जोड सुबक दिसतो, आत मात्र काचेची रेघ असते. डबकं वेगळं ओळखता येऊ लागलं, की ज्योतीच्या आवाजावरूनही अंदाज यायला लागतो. एकसुरी तडतड चालली असेल तर अंतर बरोबर आहे. फुसफुस आणि फटफट ऐकू आली तर रॉड लांब गेला आहे.

आणि जोड फोडून बघा. एका पट्टीवर दुसरी पट्टी उभी करून एकाच बाजूने वेल्ड करा, व्हाइसमध्ये धरा आणि हातोड्याने जोड मुळातून उघडेल अशा दिशेने पाडा. तुटलेल्या जागी राखाडी, एकसंध दाणा दिसला तर ठीक. काळी रेघ दिसली तर तिथे स्लॅग अडकला. एका पट्टीची मूळ कड धारदार तशीच राहिली असेल तर ती वितळलीच नव्हती, पोलाद नुसतं वर बसलं होतं. जगभर वेल्डरांची परीक्षा घेताना ही चाचणी वापरतात आणि घरी ती करायला हातोडा पुरतो. सुंदर दिसणाऱ्या जोडापेक्षा फोडून तपासलेला जोड जास्त शिकवतो.

शिकायला गुरू हवा असेल तर आयटीआयमधला वेल्डर हा वर्षभराचा अभ्यासक्रम आठवी पास मुलामुलींनाही खुला असतो. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. खाद्यशास्त्रज्ञ म्हणून मोठ्या कंपनीत संशोधन केलेला हा माणूस शाळा सोडलेल्या ग्रामीण मुलांना वेल्डिंग, शेती, वीज, बांधकाम असं सगळं एकत्र शिकवायला बसला, कारण हाताने खरं काम करताना बुद्धी वाढते यावर कलबाग यांचा विश्वास होता. मुलांनी बनवलेली वस्तू गावातल्या कुणाला तरी वापरायची असे, त्यामुळे तिचं माप चुकून चालत नसे. पाबळचे लोखंडी अँगलचे घुमट याच वातावरणात तयार झाले. अशा घुमटात एकेक सांधा काही मिलिमीटर सरकला, तर शेवटचा त्रिकोण बसत नाही. ओढ शिकायला याहून कडक शाळा नाही. पाबळला जाता येणार नसेल तर जवळच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात सुट्टीच्या दिवशी हेल्पर म्हणून उभे राहा. तिथे पाहायचं ते मिस्त्री वेल्डिंग कसं करतो यापेक्षा वेल्डिंगच्या आधी काय काय करतो ते.

आता ओढीकडे वळू. वितळलेल्या पट्ट्याला फुगायचं असतं, पण त्याच्या आजूबाजूचं लोखंड थंड आणि कडक असतं. ते त्याला जागा देत नाही. मऊ झालेला धातू मग लांबीत न वाढता जागच्या जागी दाबला जाऊन आखूड आणि जाड होतो. गार होताना तो आकुंचन पावतो तेव्हा मुळात होता त्यापेक्षा लहान असतो, आणि दोन्ही बाजूंना आपल्याकडे खेचतो. जोड एका बाजूला भरलेला असेल, तर त्या बाजूला ओढ जास्त. उभी पट्टी वेल्ड केलेल्या बाजूकडे झुकते. झुकण्याचा कोन एकच अंश असला तरी साडेचारशे मिलिमीटर लांब पायाच्या तळाशी ते अंतर ८ मिलिमीटर होतं. डुगडुगण्याला एवढं पुष्कळ झालं.

म्हणून जास्त वेल्डिंग म्हणजे जास्त मजबुती ही समजूत सोडा. कोपऱ्यातल्या जोडाची बाजू ३ मिलिमीटर असेल तर त्यात धातू साडेचार चौरस मिलिमीटर मावतो. बाजू ६ केली की १८ चौरस मिलिमीटर, चौपट. उष्णता चौपट, ओढही त्या मानाने वाढलेली. दोन मिलिमीटर जाडीच्या पाइपाला ६ मिलिमीटरचा जोड दिला तरी तुटायचा असेल तर पाइपच आधी तुटेल. वरचा सगळा धातू फुकट गेला आणि चौकट वाकडी झाली.

वाकायला मोकळीक नसते तिथे ही ओढ जोडात ताण होऊन कोंडून राहते. १६ जानेवारी १९४३ च्या रात्री अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या गोदीत स्केनेक्टडी नावाचं नवंकोरं तेलवाहू जहाज शांत पाण्यात उभ्या उभ्या मधोमध फाटलं. दुसऱ्या महायुद्धाच्या घाईत रिव्हेटऐवजी वेल्डिंगने बांधलेल्या इतर जहाजांनाही तडे गेले. पोलाद थंडीत ठिसूळ होणारं होतं, जोडांत दोष होते, आखणीत ताण एका जागी साठवणारे तीक्ष्ण कोपरे होते. रिव्हेटच्या जहाजात तडा एका पत्र्याच्या कडेला येऊन थांबू शकायचा. वेल्ड केलेल्या जहाजात सगळे पत्रे एकजीव असल्यामुळे त्याला पुढे जायला वाट होती. जोडातले दोष आणि तीक्ष्ण खाचा घरच्या वस्तूतही घातक, हे मला या घटनेतून घ्यावंसं वाटतं. जोडाच्या कडेला ज्योतीने खाल्लेली खाच राहिली असेल, तर भार आला की तडा तिथूनच सुरू होतो.

पहिली वस्तू म्हणून स्टूल घ्या. एक बाय एक इंची, १४ गेजचा चौकोनी पाइप, म्हणजे २५ मिलिमीटर बाजू आणि २ मिलिमीटर जाडी. बाजारात नळी ६ मीटरची येते. वरची चौकट ३०० बाय ३०० मिलिमीटर, कोपरे ४५ अंशांत कापलेले. त्याखाली ४२५ मिलिमीटरचे चार पाय, खाली पायांना बांधणारे २५० मिलिमीटरचे चार दांडे. एकूण ३.९ मीटर, वजन साडेपाच किलोच्या आसपास. उरलेल्या पाइपावर आधी सराव करा. कापताना चकती स्वतःच्या जाडीएवढं लोखंड खाते, म्हणून सगळ्या खुणा एकदम न मारता एक तुकडा कापून मग पुढची खूण करा. चारही पाय एकत्र धरून टोकं जुळतात का ते बोटाने चाचपा. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही बोटाला कळतो. फट राहिलेल्या जागी पातळ पाइपात भोक पडतं, आणि ते बुजवायला ओतलेल्या धातूमुळे ओढ पुन्हा वाढते. कापणी नीट झाली, की अर्धं वेल्डिंग झालं.

चौकट सपाट पाटावर ठेवून क्लॅम्पने आवळा. अँपिअर ६० च्या आसपास. प्रत्येक कोपऱ्याला एक लहान टाका, तोही समोरासमोरच्या कोपऱ्यांना आलटून पालटून. मग दोन्ही कर्ण मोजा. गवंडी पाया आखताना करतात तेच हे काम. कर्ण ४२४ मिलिमीटर भरले पाहिजेत, आणि मुख्य म्हणजे दोन्ही सारखे. फरक असेल तर लांब कर्णाच्या कोपऱ्यावर हलका ठोका मारा, टाका तेवढं ऐकतो. पूर्ण वेल्ड केलेला जोड ऐकत नाही, आणि टाक्यांची सगळी किंमत यात आहे. आता पाय उभे करून बाहेरच्या बाजूने एकेक टाका, गुण्या दोन्ही दिशांनी लावून. खालचे दांडेही आताच टाक्यांवर बसवा. पुष्कळजण पाय पूर्ण वेल्ड करून मग दांडे घ्यायला जातात, आणि तोवर पाय आत झुकलेले असल्याने २५० चा दांडा शिरत नाही. सगळं स्टूल टाक्यांवर उभं राहिलं, की त्याचे भागच एकमेकांना धरून ठेवतात. आता पायांच्या तळाचे कर्णही मोजा आणि मगच पूर्ण वेल्डिंगला हात घाला: एका कोपऱ्यात एक बाजू, मग थेट समोरच्या कोपऱ्यात एक बाजू. एकाच कोपऱ्याभोवती चारही बाजू सलग फिरवल्या तर तो कोपरा लाल होतो आणि उरलेल्या तिघांना ओढून नेतो. पातळ पाइपाच्या उभ्या जोडाला रॉड वरून खाली आणला तर भोक पडण्याची भीती कमी राहते. हात लावता येईल एवढा जोड गार होईपर्यंत क्लॅम्प काढू नका, आणि गार करायला पाणीही ओतू नका.

इतकं करूनही एखादा पाय आत गेलाच, तर ठोकत बसण्यापेक्षा ओढीलाच कामाला लावा. पाय आत झुकला असेल तर जोडाजवळ बाहेरच्या बाजूला छोटी वेल्डिंगची रेघ मारा. गार होताना ती बाहेर खेचेल. मग रेघ ग्राइंडरने घासून सपाट करा. एकदम मोठी रेघ मारू नका. थोडी मारा, गार होऊ द्या, मोजा. जुने मिस्त्री हे इतक्या सहज करतात, की बघणाऱ्याला ते दुरुस्ती करताहेत हे कळतही नाही.

रंगाआधी स्लॅगचा कण न् कण निघाला पाहिजे, कारण त्याच्यावर रंग धरत नाही. उडालेले थेंब छिन्नीने काढा, तेलाचा हात थिनरने पुसा, आणि त्याच दिवशी प्रायमर लावा. समुद्राजवळ उघडं घासलेलं लोखंड एका रात्रीत तांबूस होतं. पायांची टोकं उघडी ठेवू नका. रबरी बूच बसवलं तर फरशीही वाचते.

काही वस्तू मात्र पहिल्या वर्षभरात करू नयेत असं मी आग्रहाने सांगेन. झोपाळ्याच्या कड्या, उंचावरचं बाल्कनीचं रेलिंग, जिना, गाडीचा सांगाडा, दाबाखालची टाकी. झोपाळ्यावर बसलेल्या माणसाचं वजन हेलकाव्यात वाढतं, आणि लाखो हेलकाव्यांनंतर तडा जातो तो जोडातल्या त्या न दिसलेल्या काळ्या रेघेतून. खिडकीची ग्रिल करायला सोपी आहे, पण एक झडप आतून उघडेल अशी ठेवल्याशिवाय करू नका. आग लागली की बंद ग्रिलमुळे घरातली माणसं अडकतात.

स्टूल, कुंड्यांचा स्टँड, पुस्तकांची मांडणी झाल्यावर अंगणाचं फाटक घ्यायला हरकत नाही. फाटकात ओढीबरोबर स्वतःच्या वजनाचा प्रश्न येतो. कडीकडची बाजू लटकू पाहते आणि चौकोनाचा समांतरभुज चौकोन होऊ लागतो. त्यासाठी तिरपा आधार हवा, आणि त्याची दिशा कशाचा आधार घेता यावर ठरते. पाइपाचा किंवा अँगलचा असेल तर बिजागरीच्या खालच्या कोपऱ्यातून कडीच्या वरच्या कोपऱ्याकडे न्या, म्हणजे तो दाब झेलेल. पातळ पट्टी किंवा सळई असेल तर ती दाबाला वाकते, ती फक्त ताणात चालते. म्हणून ती बिजागरीच्या वरच्या कोपऱ्यातून कडीच्या खालच्या कोपऱ्याकडे न्यायची. बिजागऱ्या चौकटीला वेल्ड करताना फाटक विटांवर टेकवून, दोन्ही बिजागऱ्यांच्या पिना एका ओळंब्यात आणून आधी नुसते टाके मारा आणि फाटक दोनचार वेळा उघडून बंद करून पाहा. पिना एका रेषेत नसतील तर फाटक मधेच जड होतं किंवा आपोआप उघडतं. ते पटलं की वेल्डिंग पूर्ण करा, वरच्या बिजागरीला थोडं, खालच्या बिजागरीला थोडं, आणि मध्ये गार व्हायला वेळ द्या.